दादऱ्यावर केरवा : एका ड्रम कोअरच्या 'बोलेरो'चं प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या ड्रम कोअरचं, २०२५च्या हंगामातलं. कोअरचं नाव, गाव, माणसं ओळखू येतील असे तपशील गाळलेत, एकदोन मुद्दाम बदललेत. मी त्या टीममध्ये तालवाद्यांच्या बाजूला सहायक होते. म्हणजे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे. तो नेमका कुठे, ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

ड्रम कोअर म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला पोलीस बँड आठवतो. मूळ तशाच लष्करी बँडमधलं, पण आता गोष्ट फार लांब गेलीय. फुटबॉलचं शंभर यार्डांचं मैदान. त्यावर ट्रम्पेट, मेलोफोन, युफोनियम, ट्यूबा वाजवत चालणारी, मध्येच पळणारी मुलं. स्नेअर, टेनर, बेस ड्रम अंगावर अडकवलेली 'बॅटरी'. पुढच्या कडेला मरिंबा आणि व्हायब्राफोन मांडून उभा असलेला 'पिट'. आणि झेंडे, लाकडी रायफली, तलवारी हवेत फेकून झेलणारा कलर गार्ड. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन चालत नाहीत. फुंकायचं ते पितळेचंच. मुलं साधारण बाविशीपर्यंतची. हिवाळ्यात महिन्यातून एक शनिवार-रविवार शिबिर, मेअखेरपासून रोज दहा-बारा तास सराव, आणि जूनअखेरपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बसमधून गावोगाव स्पर्धा. मुक्काम कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये, फरशीवर.

माझा मुलगा या कोअरमध्ये स्नेअर वाजवायचा. त्याचं वय संपलं, तो बाहेर पडला, मी राहिले. आधी स्वयंपाकाच्या ट्रकमध्ये पोळ्यांऐवजी तीनशे पॅनकेक उलटत होते. मग कुणालातरी कळलं की ही बाई कॉलेजात असताना पुण्यात ताशा वाजवायची, आणि मला बॅटरीकडे ढकललं.

ताशाचा अनुभव उपयोगी पडला, तसा आडही आला. पुण्यात पथक बघणारा माणूस दोरीला खेटून उभा असतो, थाप त्याच्या छातीत बसते. तो नकाशा बघत नाही. इथे बघणारा स्टँडमध्ये वर, आणि गुण देणारा त्याच्याही वर काचेच्या खोलीत. तिथून मैदान कागदासारखं दिसतं आणि माणसं शाईच्या ठिपक्यांसारखी. ठिपक्यांची रेघ वाजणाऱ्या सुराशी बोलते का, हा इथला मुख्य प्रश्न. शंभरातले चाळीस गुण 'जनरल इफेक्ट'ला, म्हणजे एकूण परिणामाला. तीस दृश्याला, तीस संगीताला. ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या स्पर्धा १९७२पासून चालू आहेत आणि गुणपत्रिका अनेकदा बदलल्या, पण आज डिझाइन टीमची झोप उडवतात ते हे चाळीस.

शैलीचा थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आमच्या बैठकांमध्ये तो सारखा वर यायचा. सुरुवातीच्या काळात मैदान आरशासारखं असायचं : डाव्या अर्ध्यात जे, तेच उजव्यात. गारफिल्ड कॅडेट्स या कोअरने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो आरसा फोडला आणि १९८३ला विजेतेपद नेलं. २००४पासून माइक आले, २००९पासून सिंथेसायझर. २०१६ला ब्लूकोट्स हे कोअर मैदानावर मोठाले उतार मांडून, डोक्यावरच्या टोप्या काढून जिंकलं, आणि तेव्हापासून छोट्यातल्या छोट्या कोअरलाही वाटू लागलं की मैदानावर काहीतरी 'मांडलं' पाहिजे. दुसरीकडे एक जुनं भांडण आहे : ओळखीची चाल घ्यायची की अवघड संगीत? १९९३ला स्टार ऑफ इंडियाना हे कोअर बार्बर आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या रचना घेऊन उतरलं, लोकांनी हुर्योही केली, आणि शेवटी ०.१ गुणाने त्यांचं विजेतेपद हुकलं. आजही कँटीनमध्ये दोन म्हातारे त्यावरून भांडताना सापडतात.

संगीताची निवड

सप्टेंबर २०२४. आमच्याकडे नव्वदच्या आसपास मुलं येतील असा अंदाज, आणि तिजोरीत फारसं काही नाही. हयात संगीतकाराची रचना घ्यायची तर अरेंजमेंटच्या परवानगीचे पैसे, शिवाय व्हिडिओसाठी वेगळे हक्क. ते मिळाले नाहीत तर आई-बापांच्या हाती येतो मुका व्हिडिओ. चित्र आहे, आवाज नाही. आदल्या वर्षी परवानगीचं पत्र फार उशिरा आलं होतं आणि त्याचा चटका अजून ताजा होता.

ब्रास अरेंजरने, म्हणजे मूळ रचना आमच्या वाद्यांसाठी लिहून देणाऱ्याने, 'बोलेरो' सुचवलं. मॉरिस राव्हेलची १९२८ची रचना. १ जानेवारी २०२५ला अमेरिकेत तिचा कॉपीराइट संपणार होता. फुकट, आणि जगभर ओळखीची. ओळखीचं हवं म्हणणारे खूश, आणि चाल ओळखीची असली तरी बांधणी विचित्र आहे म्हणून नवं हवं म्हणणारेही खूश. पंधरा मिनिटांत एकच ठेका, दोनच चाली, आणि एकच लांबलचक चढ. पहिल्या क्षणापासून स्नेअरवर दोन बारांचा, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या दोन आवर्तनांचा, तो ठेका सुरू होतो आणि शेवटपर्यंत थांबत नाही. स्नेअरवाल्यांच्या कोअरला याहून काय हवं! मीही हात वर केला.

विषय ठरला कारखाना. तोही मनाने आणलेला नाही. राव्हेलला यंत्रांचं वेड होतं आणि ही रचना तो स्वतःच कारखान्याशी जोडायचा. करड्या डांगऱ्या, एका बाहीला नारिंगी पट्टा. मैदानावर अ‍ॅल्युमिनियमच्या बारा उंच चौकटी, खाली चाकं. त्या ढकलल्या की यंत्रांच्या रांगा, उलट्या फिरवल्या की दारं.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता, आणि तो आमच्या लक्षातही आला नाही. आमचा शो साधारण दहा मिनिटांचा. त्यात एक संथ भाग हवा, एक बॅटरीचा भाग हवा, कारण गुणपत्रिकेत विविधता दिसली पाहिजे. म्हणून बोलेरोचे तीन तुकडे केले आणि मध्ये अरेंजरने स्वतः लिहिलेलं संगीत घातलं. स्वतःचं संगीत घालणं गैर नाही. २००२ला कॅव्हेलियर्स हे कोअर संपूर्ण नव्या रचनेवर जिंकलं होतं. पण एक चढ दोन ठिकाणी तोडला की दर वेळी पुन्हा पायथ्यापासून सुरुवात होते. गड एकदाच चढायचा असतो, तोही थांबत थांबत. आम्ही दोनदा खाली उतरून आलो.

आणखी एक गोष्ट कागदावरच दिसायला हवी होती. बोलेरोत चाल बदलत नाही, रंग बदलतो. आधी बासरी, मग क्लॅरिनेट, मग बसून, पुढे सॅक्सोफोन. तीच सुरावट, दर फेरीला नवा गळा. ड्रम कोअरमध्ये यातलं एकही वाद्य नाही. ट्रोम्बोन २०१४पासून चालतं, तेवढा एक मूळ सोलो आम्ही राखू शकलो. बाकी मेलोफोन, फ्लूगलहॉर्न, मरिंबा, म्यूट लावलेलं ट्रम्पेट, असे चारपाच रंग जमवले की पेटी रिकामी. राव्हेलने जे काम वाद्यांकडून करून घेतलं, ते आमच्याकडे मैदानाने करायला हवं होतं. हे वाक्य आज मला सरळ सुचतं. तेव्हा दहा महिन्यांत कुणालाच सुचलं नाही.

दृश्याची शैली, आणि आठाचा हट्ट

ड्रिल डिझायनर, म्हणजे मैदानावर कुणी कधी कुठे चालायचं ते आखणारा, तरुण, हुशार, मोठ्या कोअरमध्ये वाजवून आलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं : पहिल्या वीस सेकंदांत मत बनतं, तेव्हा पहिल्या ठोक्यापासून मैदान भरलेलं पाहिजे. बाराही चौकटी फिरत्या, गार्ड पूर्ण उतरलेला, रायफलींची फेक पहिल्याच मिनिटात. आणि चालणं जलद. बोलेरोची मूळ गती मिनिटाला ७२च्या आसपास; त्या गतीने पावलं टाकली तर शंभर यार्ड ओलांडायला पिढी जाईल. म्हणून त्याने पावलं दुप्पट केली, मिनिटाला १४४. म्हणजे तीन मात्रांच्या एका बारात सहा पावलं.

सहा. आपल्या भाषेत दादरा.

आणि त्याने ड्रिल लिहिलं आठ-आठ पावलांच्या तुकड्यांत.

पहिल्या शिबिरात मी विचारलं, की आठ का? त्याने वहीत काढून दाखवलं. चार बारांची चोवीस पावलं. आठचे तीन तुकडे बरोबर चोवीसला मिळतात. चाल सोळा बारांची, म्हणजे शहाण्णव पावलं. आठचे बारा तुकडे. शेवट एकदमच. मधल्या वेळात डोळ्याला एक लय, कानाला दुसरी, आणि मग दोघं एका जागी येऊन टेकतात. तबल्यावर वाढलेल्या माणसाला हे ऐकून काय होणार? मला तर आनंदच झाला. सहाच्या दादऱ्यावर आठाचा केरवा चाललाय आणि सम एक! मी त्याची बाजू घेतली. ब्रासच्या प्रशिक्षिकेने तेव्हाच म्हटलं होतं, की मुलं पावलाच्या जोरावर श्वास घेतात. मी म्हटलं, होईल सवय. प्रकरणात माझा वाटा तो हा.

अडचण कशी दिसली

जूनच्या शेवटी पहिल्या स्पर्धा. परीक्षक बघता बघता बोलून ठेवतात आणि ते ध्वनिमुद्रण रात्री टीमच्या हाती येतं. आम्ही ते एका शाळेच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून ऐकलं. वेगवेगळ्या रकान्यांचे परीक्षक, पण तक्रार एकाच दिशेची : संगीत दबकत सुरू होतंय आणि मैदान ओरडतंय, दोन कार्यक्रम एकाच वेळी चालू आहेत. आठाच्या तुकड्यांबद्दल एकालाही कौतुक नव्हतं. एकाला ते दिसलंच नाही, दुसऱ्याला ती चूक वाटली.

नंतर व्हिडिओ आवाज बंद करून बघितला, तेव्हा कळलं. डोळा मात्रा मोजत नाही. आकृती जिथे येऊन थांबते तिथे डोळा जोर धरतो, आणि आमच्या आकृत्या बारच्या मध्येच, चालीत जिथे काहीच घडत नाही तिथे थांबत होत्या. मैफलीत आडी लय चालते, कारण ऐकणाऱ्याच्या हातात टाळी असते. स्टँडमध्ये पॉपकॉर्न खाणाऱ्याच्या हातात टाळी नसते. त्यात मुलांचं भलतंच होत होतं : आठव्या पावलाला थांबताना शरीराचा भार पडायचा आणि त्याच क्षणी सुरावर नको तो जोर यायचा. मेलोफोनची संथ चाल मध्येच गचका खायची. प्रशिक्षिका माझ्याकडे बघून काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

तिसरी गोष्ट माझ्या खात्यातली. ठेका सुरू करणारी स्नेअरवाली मुलगी अगदी पुढच्या कडेला, प्रेक्षकांसमोर. आणि ब्रास मागच्या कडेला, चौकटींआडून हळू आवाजात आत येणार. दिसायला झकास. पण मैदानाची रुंदी ५३ यार्ड, म्हणजे जवळपास ४९ मीटर. आवाजाला ते अंतर कापायला ०.१४ सेकंद लागतात. बोलेरोच्या ठेक्यात जे तिकडीचे बारीक ठोके आहेत, त्यातला एक ठोका ७२च्या गतीला साधारण तेवढ्याच वेळाचा. म्हणजे ब्रासवाले स्नेअर ऐकून वाजवायला लागले तर ते एका बारीक ठोक्याने मागे. त्यांचा आवाज पुढे पोचेपर्यंत आणखी एक गेला. प्रेक्षकाच्या कानात दोन ठोक्यांची फट. मुलं चांगली होती, शिस्तीची होती, आणि नेमकी म्हणूनच नीट ऐकून नीट चुकत होती.

समोर असलेले पर्याय

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक मोकळा दिवस होता, त्या दिवशी बसलो. हंगाम संपायला पाच आठवडे.

पहिला पर्याय ड्रिल डिझायनरचा : काहीही बदलू नका, घासा. प्रत्येक मुलाच्या वहीत त्याच्या प्रत्येक जागेचे आकडे लिहिलेले असतात, महिनाभर ते पायात बसलेत. आता उपटलं तर दृश्याच्या सफाईचे गुण जातील. हे खरं होतं. खोटं एवढंच, की सफाईने दोन कार्यक्रमांचा एक होत नाही.

दुसरा अरेंजरचा : संगीतच मैदानाकडे ओढा. सुरुवातीच्या दोन फेऱ्या कापा, गती वाढवा, पूर्ण ब्रास लवकर आत आणा. दोन सरावांत होण्यासारखं, सगळ्यांत स्वस्त. मला धक्का बसला तो याचा, की सुचवणारा स्वतः अरेंजर होता. थकलेला माणूस आधी स्वतःचंच कापतो. याविरुद्ध ब्रासची प्रशिक्षिका उभी राहिली : मग बोलेरो घेतलंच कशाला? १९८४च्या ऑलिंपिकमध्ये टॉरविल आणि डीन या ब्रिटिश स्केटिंग जोडीने याच रचनेचे चारेक मिनिटं करून बर्फावर नाच केला, तेव्हाही हळूहळू चढण्याचा गुण कापला नव्हता. कापाकापी करता येते, पण काय कापायचं नाही ते आधी ठरवावं लागतं.

तिसरा : सुरुवातीची तीन मिनिटं दृश्यातून नव्याने बसवा, सहाच्या तुकड्यांत, जवळजवळ रिकाम्या मैदानापासून. वीसेक आकृत्या बदलणार, तीन-चार दिवस जाणार, आणि गार्डची रायफलींची फेक उडणार, कारण ती भरल्या मैदानासाठी लिहिलेली होती.

त्या रात्री मी चिंचवडला बाबांना फोन केला, तिकडे सकाळ. बाबा पस्तीस वर्षं शॉप फ्लोअरवर. त्यांना शोबद्दल सगळं सांगत बसले नाही, एवढंच विचारलं की पहिल्या पाळीचा भोंगा झाला की मशिनं कशी सुरू व्हायची.

"कशी म्हणजे? एकेक करून," बाबा म्हणाले. "सगळ्या मोटरी एकदम चालू केल्यास तर मेन ब्रेकर उडेल, अगं. आधी कॉम्प्रेसर, मग एक लाइन, मग दुसरी. आवाजावरून कळायचं आम्हाला, की अजून कोण चहा पीत बसलंय."

दुसऱ्या दिवशी हे मी टीमला जसंच्या तसं सांगितलं. ड्रिल डिझायनर आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला की पहिल्या फेरीला एकच चौकट.

काय केलं

लगेच तिसरा पर्याय उचलला नाही, हे बरं झालं. आधी एक स्वस्त चाचणी केली. त्या आठवड्यातल्या एका छोट्या गावच्या स्पर्धेत पहिली चाळीस सेकंदं, म्हणजे चालीची एक फेरी, सगळ्यांना जागेवर गोठवलं. चौकटी स्थिर, गार्ड बसलेला, चालतेय फक्त स्नेअरवाली. नवं काही शिकवायचं नव्हतं, फक्त थांबायचं होतं. स्टँडमधली कुजबुज दहाव्या-बाराव्या सेकंदाला थांबली. मी कुंपणाशी उभी होते. पिटमागच्या जनरेटरचा घरघराट ऐकू यायला लागला, जो एरवी कधीच ऐकू येत नाही. तेवढं पुरलं. त्याच रात्री उरलेल्या आकृत्या लिहायला घेतल्या.

नव्या मांडणीचा नियम एकच : दर फेरीला एकच नवी गोष्ट, आणि ती राव्हेलच्या नव्या वाद्याच्या जागी. पहिल्या फेरीला एक चौकट आत येते. दुसऱ्या फेरीला चौकटीतून मेलोफोनवाले बाहेर पडतात, बाकीचे पाठमोरेच. तिसऱ्या फेरीला करड्या डांगऱ्यांमध्ये पहिला रंग, गार्डचा एक नारिंगी झेंडा, एकच. चौथ्याला झेंड्यांची रांग आणि आणखी तीन चौकटी. पावलं सहाच्या तुकड्यांत, आणि आकृती थांबणार ती बार संपतो तिथेच. बोलेरोच्या शेवटी, तोच सूर पंधरा मिनिटं ऐकून कान बधिर झाल्यावर, राव्हेल एकदम सा बदलतो. सगळं वरच्या ई स्वरावर सरकतं आणि थोड्याच वेळात कोसळून संपतं. तिथे आम्ही चौकटी प्रथमच उलट्या फिरवल्या. आतली बाजू नारिंगी रंगवली होती, ती तोपर्यंत लपवली. आधीच्या मांडणीत ती पहिल्या मिनिटातच दिसून गेली होती!

मधला संथ भाग आणि बॅटरीचा भाग तसेच ठेवले. चढाचे तुकडे झालेच होते, ते जोडायला वेळ नव्हता.

राहिला स्नेअरचा पेच. ध्वनीचा नियम सांगतो, की ठेका सगळ्यात मागे ठेवा. पुढचे सगळे तो कानावर येईल तसा वाजवतील आणि सगळा आवाज मिळून पुढे जाईल. पण दृश्यवाल्यांना ती मुलगी पुढे हवी होती, आणि त्यांचं बरोबर होतं. एकटी, प्रेक्षकांपासून दहा पावलांवर, काठ्या कातड्यापासून इंचभर वर. तो शोचा चेहरा होता. शेवटी असं ठरलं : एकटी असेपर्यंत ती पुढे, कारण तेव्हा तिच्याबरोबर कुणी वाजवतच नाही. ब्रास आत यायच्या आधी ठेका मागच्या दुसऱ्या स्नेअरवाल्याकडे सोपवायचा.

सोपवायचा म्हणजे कसा? मागचा मुलगा ताल दाखवणाऱ्या ड्रम मेजरच्या हाताकडे बघून अचूक वाजवतो, तरी त्याचा आवाज पुढे ०.१४ सेकंद उशिराच येतो. प्रेक्षकाला ठेका ठेचकाळल्यासारखा ऐकू जातो. दोन रात्री त्या दोघांनी पार्किंगच्या दोन टोकांना उभं राहून, ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात हे घासलं. त्याने थोडं आधी वाजवून बघितलं. एकदा जमलं, तीनदा हुकलं. मग तिनेच सुचवलं, की सांधा लपवण्यापेक्षा तिथे काहीतरी आपटूया. कारखाना आहे ना? ठेका पूर्ण करून ती थांबणार, मागच्या चौकटीवर हातोड्याचा एक लोखंडी ठण्, आणि त्या ठण्मधून दुसरा स्नेअर बाहेर येणार. त्या आवाजाने ऐकणाऱ्याचं घड्याळ नव्याने लागतं. आधीच्या ठेक्याशी तुलना करायला कान थांबत नाही. बॅटरीच्या आम्हा तीन मोठ्यांना जे आठवडाभर सुचलं नव्हतं, ते एकोणीस वर्षांच्या मुलीने सुचवलं.

निष्पत्ती

परिणामाचे गुण पुढच्या दोन आठवड्यांत स्पष्ट वर गेले. दृश्याच्या सफाईचे गुण ड्रिल डिझायनरने सांगितल्याप्रमाणे खाली आले आणि हंगाम संपेपर्यंत पूर्ण भरून निघाले नाहीत. पहिल्या तीन मिनिटांतल्या रेघा शेवटपर्यंत किंचित लाटेसारख्या राहिल्या. ब्रासचा गचका मात्र दोनच दिवसांत गेला. अंतिम क्रमांक आदल्या वर्षीचाच. म्हणजे संचालक मंडळाला दाखवायला आकडा नाही.

ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला लुकस ऑइल स्टेडियमवर प्राथमिक फेरीत उतरलो. छताखालचं स्टेडियम. बाहेरच्या मैदानांवर बेतलेला आमचा ठण् तिथे वरच्या सज्जापर्यंत गेला आणि परत आला; दुसऱ्या स्नेअरचा पहिला बार त्या घुमण्यात बुडाला. ज्याने सांधा झाकला होता त्यानेच तो खाल्ला. हातोड्याला कापड गुंडाळून बघायला हवं होतं, पण आत सराव मिळत नाही. शेवटी सा बदलला आणि बाराही चौकटी नारिंगी झाल्या, तेव्हा समोरचे लोक उभे राहिले. सगळे नव्हेत. तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा हात बांधून बसलेला मला स्पष्ट दिसला, आणि का कुणास ठाऊक, तोच लक्षात राहिलाय.

पुन्हा ठरवायचं झालं तर

बोलेरो पुन्हा घेईन. फुकट आहे म्हणून नव्हे. फुकट हे कारण सप्टेंबरमध्ये इतकं मोठं वाटलं की रचनेत काय आहे हे बघायचं राहिलं. तुकडे करणार नाही. फार तर एकदाच तोडेन, आणि तेही चढावर असताना, जिथून सोडलं तिथूनच पुढे. विविधतेचा रकाना रिकामा राहील अशी भीती तेव्हा होती. मला आता वाटतं, की दर फेरीला खरोखर काही बदललं असतं तर परीक्षकाला विविधता तिथेच दिसली असती. हे माझं मत. अरेंजर अजूनही मानत नाही.

चौकटींची ऑर्डर नोव्हेंबरमध्ये गेली, तेव्हा संगीताची अर्धी पानंही लिहून झाली नव्हती. बारा चौकटी विकत घेतल्या की बाराही वापराव्याशा वाटतात. आधी पुठ्ठ्याची खोकी घेऊन पार्किंगमध्ये एक फेरी चालून बघितली असती, तर पहिल्या फेरीला एकच पुरते हे डिसेंबरात कळलं असतं. सहा की आठ, हा प्रश्नही तिथेच, पायांनी सुटला असता. वहीवर तो फार सुंदर दिसत होता आणि मी वहीवरच भाळले.

गार्डचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. जुलैतल्या त्या बैठकीत गार्डचं कुणीच नव्हतं. त्यांची प्रशिक्षिका मुलांना घेऊन कपडे धुवायला गेली होती. रायफलींचा सोळा मात्रांचा तुकडा उडाला हे त्यांना दुसऱ्या दिवशी मैदानावर कळलं. कॅप्टनचं ते शेवटचं वर्ष, आणि ती फेक तिने हिवाळाभर बसवली होती. ती काही बोलली नाही. तिच्या आईने संचालकांना एक लांबलचक पत्र पाठवलं, त्यातलं बरंचसं बरोबर होतं. प्राथमिक फेरी झाल्यावर रात्री बसेस भरत असताना गार्डच्या आठही जणी ट्रकमागच्या मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या. कुणीतरी तोंडाने ठेका धरला, आणि त्यांनी तो तुकडा एकदा पूर्ण केला. आठही रायफली वर गेल्या, आठही हातात आल्या. मग त्या रायफली पिशवीत घालून बसमध्ये चढल्या.